थकू नका हं, तूरान-खानम

उस्ताद फरंगीसनं शिट्टी फुंकली, आणि मग तोंडातून काढून गळ्यात लोंबत सोडून दिली.

“तुम्ही दोघी काय करताय, मला कुणी सांगेल का? लढताय, की दारात उभ्या राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करताय?”

भिंतीला पाठ लावून बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. निळ्या गादीवर तूरान आणि माहलका समोरासमोर उभ्या होत्या. दोन मिनिटांची फेरी संपली होती. तेवढ्या वेळात तूरानचा एकच ठोसा माहलकाच्या छातीच्या पॅडला लागला होता, तोही लागला म्हणायचं म्हणून. लागल्याबरोबर तूराननं हात खाली टाकून विचारलं होतं, “माफ करा हं, लागलं का?” त्यावर माहलकानंही हात खाली टाकले होते. “अहो छे, माझीच चूक, मीच मध्ये आले.”

“मध्येच यायचं असतं!” उस्ताद म्हणाली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले होते, त्यामुळे ओरडायचं तेही ती स्टुलावर बसूनच. “तूरान, इकडे बघ. आजचा लढतीचा कितवा दिवस?”

“तिसरा, उस्ताद.”

“तीन दिवस, तीन जोडीदारणी, आणि एकीलाही खरा मार नाही. जी मारत नाही ना, ती समोरचीला खोटं शिकवते. उद्या तिला कुणाची खरी लाथ बसली की ती तोंडावर पडणार, आणि पाप तुझ्या डोक्यावर. अजून एक फेरी देते. एक खरा ठोसा दिसला तर राहशील. नाहीतर शनिवारपासून पडद्यापलीकडे, गाण्यावर उड्या.”

तूराननं मान हलवली. दात वाचवायला तोंडात घातलेल्या रबरामुळे लाळ गळत होती, ती बाहीला पुसली.

चार महिन्यांपूर्वी ती पडद्यापलीकडच्याच वर्गात आली होती. कंबर धरली होती, डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. उड्या मारता मारता एक दिवस पडदा सरकला आणि तिला दिसलं, की इकडच्या बायका एकमेकींना कराट्याच्या लाथा खऱ्याखुऱ्या घालतायत, आणि मग त्याच बायका मांड्या चोळत एका थर्मासातला चहा पितायत. तूरान बघतच राहिली. चव्वेचाळीस वर्षांची बाई. पहाटेपासून अंगातला सगळा जोर कुणाच्या ना कुणाच्या कामी येणारा: घरी नवऱ्याच्या, पोरांच्या, आणि दिवसभर सरवर-खानमच्या, म्हणजे सरवरबाईंच्या. नऊ वर्षं ती त्या म्हातारीला पलंगावरून उचलून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, आणि पुन्हा पलंगावर ठेवत होती. एवढा जोर लावायचा आणि तो कुणाच्याही उपयोगी पडू द्यायचा नाही, हे तिला फार हवंसं वाटलं. तिनं इकडे नाव घातलं.

आणि सरवर-खानमची लेक म्हणजेच ही माहलका. महिन्याभरापूर्वी, रक्तदाब वाढला म्हणून तीही आली. आज उस्तादनं दोघींना काट्यावर उभं केलं, चौऱ्याहत्तर आणि पंच्याहत्तर, आणि जोडी लावून मोकळी झाली.

जिच्या घरची भाकरी खातो तिच्या पोटात ठोसा कसा घालायचा? घातला तर काम जाईल. नाही घातला तर हे जाईल. तूरान इतकी दमली होती, की कुठलं गेलेलं परवडेल हाही विचार पुरता होईना.

“चला,” उस्ताद म्हणाली. “नमस्कार करा.”

दोघी वाकल्या. वर येता येता माहलका हसली. सवयीनं, रोज सकाळी दार उघडताना हसायची तशीच, आणि रबर तोंडात तसंच ठेवून म्हणाली, “थकू नका हं, तूरान-खानम.”

त्यात तसं काहीच नव्हतं. इथं केरमानशाहमध्ये, साऱ्या इराणातच, काम करताना दिसेल त्याला हे म्हणतात. भट्टीवाल्याला, बसवाल्याला, दात काढणाऱ्या डॉक्टरला. तूरानला ते नऊ वर्षं रोज सकाळी ऐकू आलं होतं. ती जिना चढून यायची, माहलका दार उघडायची, थकू नका म्हणायची, आणि फोनवर बोलत आतल्या खोलीत जायची. नऊ वर्षांत एकदाही तूरानच्या मनात आलं नव्हतं, की हे काय सांगतेय ही मला.

आज आलं.

गुडघे वाकले, श्वास धरला गेला, कंबर वळली. रोज म्हातारीला उचलताना जिथून जोर काढायची, नेमका तिथूनच काढला. ठोसा पॅडच्या बोटभर खाली बसला. माहलकाच्या तोंडून ‘हुक्’ असा आवाज आला आणि ती गादीवर बसली.

तूराननं हात खाली टाकले.

“माप... माप कला,” तूरान रबरातून म्हणू लागली.

“गीळ! गीळ तो शब्द!” उस्ताद गुडघे विसरून उभी राहिली होती. “माहलका, उठतेस की मोजू?”

माहलका उठली. डोळ्यांत पाणी होतं. आता ती रडत निघून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. तिनं एक पाऊल पुढं टाकलं आणि नडगी फिरवून तूरानच्या मांडीवर अशी लाथ घातली, की भिंतीजवळच्या एकीनं “आई गं” म्हणून स्वतःचीच मांडी धरली.

उरलेल्या फेरीत कुणी कुणाला आधी तुम्ही म्हटलं नाही.

“शनिवारी सात वाजता,” उस्ताद शेवटी स्टुलावर बसत म्हणाली. “उशीर चालणार नाही.”

एरवी माहलका तूरानला गाडीतून चौकापर्यंत सोडायची. आज तिनं डोक्यावर रुमाल बांधला, मोबाईल घेतला आणि न बोलता गेली. तूरान बसस्टॉपपर्यंत पाय ओढत चालली. वर्गातलं तर झालं आपलं, तिला वाटलं, पण म्हातारीकडचं काम गेलं.

गुरुवारी सकाळी मांडी लाकडासारखी झाली होती. जिना एकेक पायरीनं चढून तिनं घंटा वाजवली. माहलकानं दार उघडलं. एक हात बरगडीवर. सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

“या,” एवढंच म्हणाली.

“पोरी, लंगडतेस का गं?” सरवर-खानमनं पलंगावरून विचारलं.

“काही नाही, खानम. पाय मुरगळला.”

तूरान वाकली, काखेत हात घातले, जोर लावला. मांडी दगा देऊन गेली. म्हातारी चार बोटं उचलली गेली आणि परत उशीवर. तूराननं पुन्हा वाकून बघितलं. पाय भार घेईना.

“थांबा,” दारातून माहलका म्हणाली. आत आली. पलंगाच्या पलीकडे नुसतीच उभी राहिली. “कसं धरायचं?”

“काखेतून. पाठीनं ओढू नका, पाठ जाते. गुडघे वाकवा, आणि जोर कमरेतून. काल ठोशात दिसला ना, तसा.”

“दिसला कुठं? बसला मला.”

“तोच.”

“तुम्ही दोघी भांडलात,” सरवर-खानम एकीकडून दुसरीकडे बघत म्हणाली. “कोण जिंकलं?”

दोघी वाकल्या. तिघींनी श्वास धरला आणि म्हातारी खुर्चीत बसली. माहलका बरगडी दाबून पलंगाच्या कडेवर टेकली.

“रोज एवढं?”

“दोनदा, सकाळ-संध्याकाळ. शुक्रवारी मला सुट्टी, खानम पलंगावरच.”

माहलकानं आईकडे बघितलं. म्हणाली, “संध्याकाळचं मी धरत जाईन. तुमच्याबरोबर.” मग तोंड वाकडं करून, “आणि शनिवारी पोटाला आणखी एक पॅड बांधणार आहे मी.”

“बांधा,” तूरान म्हणाली. “मीही मांडीला काहीतरी गुंडाळते.”

पलंगावरची ओली चादर तिनं ओढून काढली. न्हाणीघरात बादली भरायला लावली, आणि भरेपर्यंत दुखरा पाय लांब करून फरशीवरच बसली.