सत्यवतीबाईंचं न वाकलेलं तोंड

नेऱ्याच्या सत्यवतीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात त्यांच्या गाण्यांशिवाय विधी पुढे सरकत नाहीत. तीस वर्षांत त्यांचा शब्द अडला नव्हता. एका हळदीत मात्र गाताना ओठ मिटेचनात, निम्मे शब्द बोबडे निघाले. "बाय ताडी घेऊन आलीय," मांडवात कुणीतरी खुसपुसलं. जन्मात ताडीला हात न लावलेल्या बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

घरी सून भाविकाचं वेगळंच. "आई, रुसलाव काय? हसत का नाय?" गावच्या डॉक्टरने चेहरा पाहिला आणि म्हणाला, "तोंड वाकडं नाही, म्हणजे लकवा नाही." पायांना मुंग्या येतात म्हटलं, तर ताकदीच्या गोळ्या हातावर ठेवल्या. बाईंनी त्या घरी येऊन मोरीत फेकल्या.

चौथ्या दिवशी पनवेलच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे घट्ट मिटायला सांगितलं. मिटेनात. गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय ढिम्म हलला नाही. मागे जुलाब झाले होते का, विचारलं. झाले होते.

"हा जीबीएस. जुलाबानंतर तुमच्याच शरीराची प्रतिकारशक्ती नसांवर उलटलीय. बहुतेकांच्या पायांतली ताकद आधी जाते, तुमच्या चेहऱ्याची गेली. तीही दोन्ही बाजूंनी सारखीच, म्हणून वाकडं दिसलं नाही. आजच दाखल व्हा."

सत्यवतीबाई संतापल्या, पण चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. सोबत आलेल्या भाविकाकडे वळून, न मिटणाऱ्या ओठांनी त्या कशाबशा म्हणाल्या, "अर्धंच तोंड गेलं असतं, तर लगेच खरं धरलं असतं!"