हीटर गळत होता

मी काही लिहिणारा नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, गोडसर वास आला की मला मुकुंदवाडीतली ती दुपार आठवते. अण्णांची, म्हणजे वडिलांची, वैजापूरच्या फेऱ्या मारणारी जुनी गाडी सारखी पाणी मागायची, पण खाली थेंबही सांडत नव्हता. मेकॅनिकनं इंजिन खोलायला सांगितलं; तो खर्च झेपणार नव्हता, म्हणून अण्णांनी गिऱ्हाईक बघून गाडी विकायचं ठरवलं. मी भीत भीत म्हणालो, "एकदा बघू का?" "कालेजात हेच शिकवतेत व्हय?" मी पुढच्या सीटपुढची मॅट उचलली. ती ओली, चिकट होती आणि तिला तोच गोडसर वास होता. "अण्णा, इंजिन चांगलंय. आतला हीटर गळतोय." "आपल्याकडं हीटर लागतोय कुणाला?" "मग त्याचं पाणीच तोडू." हीटरकडं जाणारे दोन्ही पाइप सोडवून मी त्यांची टोकं रबरी नळीच्या तुकड्यानं एकमेकांना जोडली, म्हणजे पाणी हीटरला वगळून परत इंजिनात जाईल, क्लिपा आवळल्या आणि कूलंट भरलं. अण्णा सवारी घेऊन वैजापूरला निघाले. आज मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण कुठल्याच निकालाची त्या दुपारसारखी वाट पाहिली नाही. उन्हं कलल्यावर अण्णांचा फोन आला. "पोचलो. गरमीचा काटा जरा बी हलला नाय. अन् घेणाऱ्याला कळवलं, गाडी विकायची नाय म्हणून."