सांबरशिंगाची घोडी

आता बोटं वळत नाहीत, रामघाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, आणि एक खुळी पोरगी मात्र रोज आठवणीत येऊन बसते. ती मीच. पंधरा वर्षांची, दोन वेण्या, आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री.

साहेबाचं राज्य होतं तेव्हा. आमच्या घरी सकाळपासून वेदपाठ चाले. तिथे मुलीनं सतार मागावी हेच नवल, आणि बाबांनी हो म्हणावं हे त्याहून. एका अनुष्ठानाची सगळी दक्षिणा हातावर ठेवून ते म्हणाले, "सतार एकदाच मिळेल. पारखून घे. मग रडायचं नाही."

सोबतीला आत्या. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला तेवढंही नाही, पण मी तोंड पारखीचं करून गेले.

चौकामागच्या गल्लीत सतारी करणारा म्हातारा कारागीर. माझी नजर वेलबुट्टीच्या सतारीवर. त्यानं खुंटीवरून दुसरीच काढली, जुनी, रोगण उडालेली. "ये लो बिटिया. इतने पैसे में इससे अच्छी नहीं मिलेगी." त्यानं तार छेडली. सूर संपेचना. आत्या म्हणाली, "अगं, थांबायची कधी ही?"

घ्यायचीच ठरली. तेवढ्यात तारांखालची पांढरी पट्टी दिसली. तिला घोडी म्हणतात.

"ये किसका है?"

"सांभर का सींग."

मी हात मागे घेतला. "हमारे यहाँ नहीं चलता. लकड़ी का लगा दीजिए."

"बिटिया, आवाज तो इसी में है."

"धर्म पहले."

काय तो तोरा! त्यानं कपाळाला हात लावला, लाकडाची घोडी बसवली आणि फरकाचे पैसे परत केले. हिवाळ्याचे दिवस. त्या पैशांचं आम्ही बाजारात उभ्या उभ्या मलइयो खाल्लं, केशरी दुधाचा फेस. "घरी बोलू नकोस हं," आत्या ओठावरची फेसाची मिशी पुसत म्हणाली. बाजारचं खाताना धर्म आठवला नाही. माझ्या सतारीचा आवाज मी असा चाटून संपवला.

घरी छेडली तर ठक्. पाटावर बोट आपटावं तसं. बाबा संध्येला बसत होते. मी शिंगाची हकीकत ऐटीत सांगितली. त्यांनी आसनावर हात ठेवला.

"मी कशावर बसलोय?"

"मृगाजिनावर."

"ते झाडाला लागतं का गं?"

सकाळी मी कारागिराकडे धावत गेले. ती घोडी दुसऱ्याच्या सतारीवर चढली होती. नव्या शिंगाला पैसे नव्हते, आणि बाबांचा शब्द एकदाचाच.

लग्नात तीच सतार बरोबर आली. सासूबाईंनी कान देऊन ऐकलं. "वाजव हो खुशाल. शेजारी कळायचंसुद्धा नाही." कळलं नाहीच, कुणालाच. चुलीपाशी हात शेकून मी वर्षानुवर्षं ठक् ठक् वाजवत राहिले. सवयीनं. पुढे पुढे थकून.

गेल्या हिवाळ्यात एका मोडक्या सतारीची शिंगाची घोडी मिळाली. कुणीतरी बसवून दिली. अंगठ्यानंच तार ओढली, तार छेडायची नखी आता बोटात जात नाही. सूर लांबत राहिला.

थांबायची कधी ही, असं विचारायला आत्या नव्हती. मीच हात ठेवून थांबवली.