वाटीभर जेवणारी आत्या

आमची आत्या भर मे महिन्यात स्वेटर घालायची. अंबरनाथच्या उकाड्यात आम्ही ओली चादर अंगावर घेऊन पडायचो आणि ती बाह्या तळहातापर्यंत ओढून बसलेली असायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझं रक्तच थंड आहे."

ती वडिलांची धाकटी बहीण. एका शाळेत क्लार्क होती, लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायची. आम्हाला आग्रह करकरून वाढायची आणि स्वतःची वेळ आली की म्हणायची, "मी मघाशीच खाल्लं." ते कधी कोणी पाहिलं नाही. शेजारणींना वाटायचं, उपास असेल. पण आम्ही बौद्ध, आमच्याकडे उपास कसले? मग कधी कावीळ, कधी ॲसिडिटी, अशी कारणं निघत. वर्षं तशीच गेली.

मी कॉलेजात असताना ती शाळेच्या जिन्यात कोसळली. आईने दवाखान्यात शिरा, अंडी, सगळं नेलं. डॉक्टरांनी डबा परत दिला. इतक्या उपाशी शरीरात एकदम अन्न भरलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणाले. आई डबा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिली.

तिथून आम्हाला उल्हासनगरच्या एका मानसोपचार डॉक्टर बाईंकडे पाठवलं. खाण्याचीच भीती बसते अशा या आजाराला नाव आहे, ॲनोरेक्सिया, हे तिथे कळलं.

"म्हणजे हे नाटक नाही?" वडिलांनी विचारलं.

"इतकी वर्षं नाटक कोण करतं, भाऊ?" बाई म्हणाल्या आणि आत्याकडे वळल्या. त्या सिंधी, मराठीत हिंदी मिसळून बोलायच्या. "देखो ताई, बहुत पुराना है. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. पण याच्यासोबत नीट जगता येतं. तुम्हाला काय पाहिजे, ते सांगा."

आत्याला असं कोणी विचारलं नव्हतं. ती बाह्या तळहातावर ओढत म्हणाली, "माझं वेगळं घर. कोणी ताटात बघणार नाही असं."

बदलापूरला खोली वडिलांनीच शोधली. रक्ततपासणी आणि बाईंची भेट चुकवायची नाही, एवढी अट घातली.

मी रविवारी जायचे. ती माझ्यासमोर वाटीभर मुगाची खिचडी खायची, परीक्षेला बसल्यासारखी, चमचा घट्ट धरून. जेवताना जेवणाचं बोलायचं नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. मग आम्ही मालिकांबद्दल बोलायचो. कधी वाटी संपायची, कधी अर्धी राहायची. एकदा म्हणाली, "तू गेलीस ना, की ही खोली फार मोठी होते."

पुढे लग्न होऊन मी नाशिकला गेले. फोनवर ती "जेवले गं" म्हणायची. मी पुढे विचारायचे नाही.

एका हिवाळ्यात ती झोपेतच गेली. हृदय आधीच थकलं होतं. "उपाशी मेली," नातेवाईक कुजबुजले. दुसऱ्या दिवशी मी खोली आवरायला गेले, तर समोरच्या आगरी काकू दारात आल्या.

"रोज सांजच्याला ताट घेऊन माझ्याकडं येयाची," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवशी दारातच उभी राहिली. म्हनाली, 'एकटीला घास उतरत नाही. इथं बसू का?' मी भाकऱ्या थापायचे, ती जेवायची."

"कधीपासून?"

"वरीस झाला असंल. तुला नाय बोलली?"

मी नकारार्थी मान हलवली. काकूंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं आणि आत्या बसायची तो पाट दाखवला. त्या पिठाचा डबा उघडून कामाला लागल्या. मी पाटाशेजारी जमिनीवर बसले.