जंक्शनची हाक

नऊ जून. शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या आत माझ्या गणवेशाच्या शर्टांची बटणं पक्की करून ठेवायची आहेत. गर्दी वाढली की पहिलं जातं ते बटण. सुईत दोरा ओवायला चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि हा चष्मा जिनं मला घ्यायला लावला तिची आठवण झाली. तीन शर्ट झालेत. चौथा बाजूला ठेवून हे लिहिते आहे.

"थांबा ताई, एवढं पान."

हे तिचं वाक्य. म्हणताना उजव्या हाताचं बोट वर करायची. मान मात्र खालीच. पास दाखव म्हटलं की एवढं पान. जरा सरक, या आजींना बसू दे म्हटलं की एवढं पान. बारामती आली, गाडी रिकामी झाली, तात्या ड्रायव्हर आपल्या बाजूनं खाली उतरून चहाला निघाले, तरी एवढं पान. मग गाडीतले रोजचे लोकही तसंच बोलायला लागले. सुटे पैसे द्या म्हटलं की कुणीतरी बोट वर करून म्हणायचं, "थांबा बाई, एवढं पान," आणि सगळे हसायचे. ती हसायची नाही, कारण तिला ऐकूच गेलेलं नसायचं.

मी एसटीत कंडक्टर आहे. इंदापूर-बारामती, सकाळची गाडी. ती इंदापूरला बसायची. बारामतीत एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. तिशीची असेल. वडिलांचं इंदापुरात बांगड्यांचं दुकान. तुम्ही त्या गाडीनं कधी गेला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. माझ्या बाकाच्या पुढचं खिडकीचं बाक, मांडीवर जेवणाचा डबा, डब्यावर पुस्तक, पुस्तकावर ती. पानात खूण म्हणून बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा.

पुस्तक वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कीर्तनाला निघालेली, परीक्षेला निघालेली. ही वेगळी होती. गाडी इंदापूरच्या स्टँडवर उभी असायची तेव्हा ती पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचायची. डबल बेल पडली की पहिल्या पानावर यायची.

"अगं, शेवट आधीच वाचलास तर मग पुढं काय वाचतेस?" मी एकदा विचारलं.

"शेवट कळला की धाकधूक संपती ताई. मग निवांत बघता येतं पोरगी तितं पोचली कशी ते."

पोरगी म्हणजे पुस्तकातली. कारण ती वाचायची ती सगळी पुस्तकं पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींची. मराठीतली, इंग्रजीतली, कुणीकुणी पाठवलेली. तीस वर्षांची बाई सोळा वर्षांच्या पोरींच्या गोष्टी कशाला वाचते, हे मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "मी सोळाची व्हते तवा असलं कायच वाचाय मिळालं न्हाय. अनुशेष भरून काढतीय." हे बोलणं थट्टेचं की खरं, तेही कळलं नाही.

त्या पुस्तकांवर ती खूष असायची असंही नाही. कधी मान वर झाली तर चिडूनच बोलायची.

"ताई, ह्या पोरी घरातनं पळून जात्यात आणि एकीलाबी वाटंत लघवीला लागत न्हाय."

"ताई, दोन पोरं हिच्यावर मरत्यात. दोघांतल्या एकाला तरी चहा करता येतो का बघावं ना हिनं?"

"सगळ्यांचे आईबाप पहिल्याच पानावर मेलेले. अम्मी-अब्बा जिवंत ठेवून दाखवा म्हणावं गोष्ट पुढं!"

एवढं बोलून पुन्हा त्याच पुस्तकात. मी तात्यांना म्हटलं, हिला ही पुस्तकं आवडतात की नाही? तात्या म्हणाले, "माझी बायको मला रोज शिव्या देती. तीस वर्सं झाली, हाय की नांदत."

ती मोबाइलवर ब्लॉग लिहिते, हे मला माझ्या मुलीनं सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, ही तुझ्याच गाडीतली बाई. कसले मार्क देते बघ." बाकीचे लोक पुस्तकांना तारे देतात म्हणे, पाचातले तीन, पाचातले चार. ही गावं द्यायची. 'हे पुस्तक निमगावपर्यंत.' 'हे लासुर्ण्यापर्यंत.' 'हे बारामती.'

आमची गाडी इंदापूरहून निघाली की निमगाव केतकी, शेळगाव, लासुर्णे, जंक्शन, भवानीनगर, मग बारामती. जंक्शन हे गावाचंच नाव आहे. नवं पुस्तक घेऊन बसली की तिची मान पहिल्यांदा जिथं वर होईल ते त्या पुस्तकाचं गाव. निमगाव म्हणजे काही दम नाही. बारामती म्हणजे उतरायची शुद्ध नव्हती. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, मी समोरच उभी असायची. पण नागपूरची, नाशिकची माणसं तिला खाली लिहून विचारत, लासुर्णे म्हणजे किती? ती उत्तर द्यायची नाही. मला म्हणाली, "ज्याला गाडी ठाऊक त्याला कळतंय."

हे माप मला तरी बरोबर वाटत नव्हतं. एखाद्या पुस्तकाला शेळगाव मिळालं, त्या दिवशी शेळगावच्या गतिरोधकावरून तात्यांनी गाडी उडवली होती. मग लेखकाचा काय दोष? मी तसं बोलले. ती म्हणाली, "चांगलं पुस्तक आसलं की गाडी उडल्यालीबी कळत न्हाय." आणि ज्यांना निमगाव मिळालं ती पुस्तकं पुढं दोन-तीनदा वाचताना मी तिला पाहिलं आहे. बारामती मिळालेली परत दिसली नाहीत. हे कसं काय, ते तुम्हीच ठरवा.

चष्म्याचं तर तिनं एका वाक्यात उरकलं. मी तिकिटाचं मशीन हात लांब करून बघते हे तिनं ओळखलं. म्हणाली, "ताई, अजून थोड्या दिसांनी मशीन भवानीनगरात आणि तुमी जंक्शनला आसाल. चला दुकानात." हा चष्मा तोच. ईदच्या दुसऱ्या दिवशी मला आणि तात्यांना शीरखुर्म्याचा एकेक डबा असायचा. तात्यांच्या डब्यात खारीक जास्त, यावरून माझं आणि तात्यांचं भांडण व्हायचं. आता मुद्द्यावर येते.

पावसाळा सरत आला होता. इंदापूरच्या स्टँडवर एक पोरगी चढली. अठरा-एकोणीसची, पाठीला सॅक, हातात कोरं पुस्तक. सगळ्या बाकांवर बघत बघत आली आणि हिच्याशेजारी बसली.

"तुमीच का त्या? गावांची नावं देणाऱ्या?"

"थांब, एवढं पान," ही म्हणाली.

पोरगी थांबली. पान झालं. मग पोरीनं आपलं पुस्तक हिच्या डब्यावर ठेवलं. "हे मी लिवलंय."

पोरगी डाळजची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता शेती. तिची कादंबरी आधी एका दिवाळी अंकात आली होती आणि हिनं तेव्हा ब्लॉगवर एक ओळ लिहिली होती: 'ही कादंबरी जंक्शनपर्यंत.' पुढं पुण्याच्या एका प्रकाशकानं पुस्तक काढलं. त्याला ती ओळ भारी वाटली. जंक्शन म्हणजे आयुष्याच्या वाटा मिळतात तसलं काहीतरी, असं त्याला वाटलं असणार. त्यानं पुस्तकाच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरात छापलं: 'वाचकाला थेट जंक्शनपर्यंत घेऊन जाणारी कादंबरी!'

तिकिटं फाडायचा जमाना गेला तरी कंडक्टरचे कान जातात कुठं? मी मागच्याच बाकावर हिशेब लावत होते, सगळं ऐकत होते.

पोरगी म्हणाली, "आमच्या दादांनी ती वळ वाचली. पावण्यांना वाचून दाखवली. एक स्थळ आलंतं, त्यांना म्हणले, थांबा, पोरगी पुण्याला शिकाय जाणार हाय, लिवती ती. आता मला जायचंय. खोली बघितलीया, सगळं झालंय."

"मग जा की."

"जाईन. पन आमच्यातली एक मावशी लासुर्ण्यात दिलीया. ती म्हनली, आगं, जंक्शन तर आमच्या पुढचं गाव." पोरीनं मागच्या छापील ओळीवर बोट ठेवलं. "ताई, खरं सांगा. हे जंक्शन म्हंजी पुस्तकातल्यासारखं जंक्शन, का आपलं हे ऊसवाल्यांचं जंक्शन?"

हिनं आपल्या पुस्तकात पुठ्ठ्याची खूण घातली.

"आपलं आसलं तर मी दादांना सांगनार. खोटं सांगून मला न्हाय जायचं. आन् मला लिवता येत नसंल तर पुण्यात जाऊन करायचं काय?"

मी हिशेब सोडून पुढं बघत होते. मला वाटलं, ही आता गोड बोलेल. किंवा खरं बोलेल, आणि पोरगी निमगावलाच उतरून परत जाईल. माझ्या मते खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण ते स्थळही डोळ्यांपुढं येत होतं, आणि मला मुलगी आहे.

तिनं पोरीचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर गेली. शेवट वाचला नाही, हे मी नीट पाहिलं. म्हणाली, "ते अंकात वाचलं व्हतं. पुस्तक वाचलं न्हाय. बस गप."

निमगाव आलं, मी हाक मारली, मान खाली. शेळगाव आलं. पोरगी पुस्तकाकडे बघत नव्हती, हिच्या मानेकडे बघत होती. लासुर्ण्याला बायकांचा घोळका चढला, तिकिटं देता देता माझी नजर तिकडंच. प्रत्येक प्रकरणाच्या वर एक छोटं चित्र होतं. तेव्हा उघडं होतं ते कडुलिंबाच्या झाडाचं.

जंक्शन आलं. गाडी थांबली, चार उतरले, सहा चढले. मान वर झाली नाही.

भवानीनगरला कॉलेजची पोरं घुसली आणि मला काहीच दिसेना. बारामतीच्या अलीकडं वळणावर गर्दी एका बाजूला कलली तेव्हा पुढच्या बाकावर वाकून बघितलं. कडुलिंबाचं झाड. तेच पान. नवा चष्मा होता, चुकायचा प्रश्न नाही. लासुर्ण्यापासून बारामतीपर्यंत एकच पान? की पुढं जाऊन परत त्या पानावर आली होती? की प्रकाशकानं दोन प्रकरणांना एकच चित्र दिलं होतं?

गाडी स्टँडात शिरली. पोरीनं तिच्या कोपराला हात लावला. तिनं मान वर केली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "बारामती."

बस, तेवढंच.

पोरगी उभी राहिली, परत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मग हसली. मग माझ्या पाया पडली, मी काय केलं होतं देव जाणे. आणि गेली. पुस्तक तिथंच राहिलं.

आता मला सांगा, ती बारामती म्हणजे मार्क, की स्टँड आलं म्हणून म्हणाली? स्टँड आलंच होतं. कुणीही बारामतीच म्हणालं असतं.

संध्याकाळी परतीच्या गाडीत मी तिला गाठलं. "खरं सांग. वाचत होतीस का?"

"तुमी जंक्शनची हाकच मारली न्हाय आज," ती म्हणाली.

"मारली होती."

"न्हाय मारली. मारली आसती तर मान वर झाली आसती."

"मग चांगलं पुस्तक असलं की ऐकू येत नाही ते कुठं गेलं?"

त्यावर तिनं बोट वर केलं. एवढं पान.

मी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "न्हाय बुवा आठवत. तुमी त्या पोरीकडंच बघत व्हता." म्हणजे मी हाक मारली नसेल, तर ती सुटली का? मारली असेल, तर तिला ऐकू आली की नाही? आणि आली असून मान दाबून धरली असेल, तर ते माप मोडलं की नाही? ब्लॉगवर तिनं त्या पुस्तकाबद्दल दुसरी ओळ लिहिलीच नाही. पोरगी पुण्याला गेली. स्थळवाल्यांनी दुसरीकडं लग्न ठरवलं.

पुढच्या वर्षी तिच्या भावानं सोलापुरात चष्म्यांचं दुकान टाकलं आणि तिला बोलावून घेतलं. जाताना मला म्हणाली, "ताई, काचा पुसायला साडीचा पदर वापरू नका." निरोप एवढाच. तिच्या बाकावर आता रोज कुणी ना कुणी बसतं.

ब्लॉग चालू आहे. परवा मुलीनं दाखवला. तिथं आता तारे आहेत. सोलापुरात दुकान घराखालीच असेल, गाडीची गरज नसेल. एका पुस्तकाला साडेतीन तारे दिले होते. साडेतीन तारे म्हणजे कुठं उतरायचं, मला काही कळलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, ती पण डाळजच्या त्या मुलीचीच कादंबरी आहे, दुसरी." बघितलं तर खरंच. खाली तिनं लिहिलं होतं, 'नायिकेचे आईवडील दोघंही जिवंत आहेत.'

दहा जून. काल एवढं लिहून चौथ्या शर्टाचं बटण लावलं आणि झोपले.

सकाळी कामावर गेले ते एक ठरवून. आज जंक्शनची हाक मारायची नाही. मारल्यावाचून राहता येतं का, ते एकदाचं बघायचं. निमगावची मारली, शेळगावची मारली, लासुर्ण्याची मारली. पुढं ओठ मिटून दांड्याला धरून उभी राहिले. कारखान्याकडं निघालेले दोघे दाराशी येऊन थांबले. पाटी दिसायच्या आतच माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "जंक्शन! चला, जंक्शनवाले!"

तात्यांनी आरशातून बघितलं. "आज कशाला येवढ्या मोठ्यानं?"

म्हणजे त्या दिवशी हाक मारली होती.

दोघे उतरले. तिच्या बाकावर एक बाई लसूण सोलत होती, तिनं मान वर करून बघितलं. मी डबल बेल दिली.