शेजाऱ्याचं नुकसान

सांख्यिकी कार्यालयात पाहणीचं काम करणाऱ्या बाईंना सगळा बाजार ‘मोजणीबाई’ म्हणायचा. तीस वर्षं त्यांनी सायकली, खाटा, शिलाई मशिनं असलं डोळ्यांना दिसणारं काहीबाही मोजलं होतं. त्या वर्षी वरून नवाच तक्ता आला: हवामान बदलून ऊन वाढलं, त्यात कोणाच्या कामाचे किती तास बुडाले ते लिहा.

पहिल्याच दिवशी बाईंची फजिती झाली. भरपाई मिळणार अशी आवई उठली होती. एरवी माशा मारत बसणाऱ्या कुलूपवाल्यानं दिवसाचे दहा तास बुडाल्याचं सांगितलं. त्याचं दुकानच आठ तास उघडं असे. शिंप्याला वाटलं, बाई आता कराच्या खात्यासाठी मोजतायत. तो म्हणाला, धंदा मुळात नाहीच, तर बुडणार काय? इस्त्रीवालीनं तर माझं सगळं बरं आहे म्हणत विषयच मिटवला.

घरी बाईंनी जावेपाशी रडगाणं गायलं. भाजी निवडता निवडता जाऊ म्हणाली, “आपलं विचारलं की माणूस फुगवतो, नाहीतर लपवतो. शेजाऱ्याचं विचारा. ते त्याला तोंडपाठ असतं.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुलूपवाल्याला शिंप्याचं विचारलं. दुपारी बारा ते तीन मशीन बंद, एक कारागीर सोडून गेला, घामाचे डाग पडून दोन कोट परत आले, असं त्यानं तारखांसकट सांगितलं. शिंप्यानंही उट्टं काढलं. कुलूपवाल्याची दुपारची झोप फार जुनी आहे, म्हणाला, ती हवामानाच्या माथी मारू नका.

इस्त्रीवालीचं मात्र समोरच्या चप्पलवाल्यानं हळू आवाजात सांगितलं. ती दोनदा चक्कर येऊन पडली होती; आता दुपारचे चार तास तिची इस्त्री थंड असते. बाईंनी तिला पुन्हा काही विचारलं नाही. चार तास गुपचूप लिहून टाकले.

मग त्यांना लहर आली. आपलं कार्यालयही याच बाजारात की! त्यांनी शिपायाला साहेबांचं विचारलं.

“उन्हाळ्यात अडीच तास डोळा लागतो,” शिपाई म्हणाला, “एरवी दीड.”

बाईंनी प्रामाणिकपणे दीड वजा केला आणि हवामानाच्या नावावर एकच तास मांडला.

साहेब त्या ओळीशी अडले. ती खोडा म्हणाले.

“खोडते,” बाई म्हणाल्या, “पण खाली कारण लिहावं लागेल.”

साहेबांनी सही केली.

महिन्याभरानं वरून पत्र आलं: आकडे विश्वासार्ह वाटतात, याच पद्धतीनं आणखी सहा बाजार मोजावेत. बाईंनी कपाळाला हात लावला, मग छत्री उचलली आणि निघाल्या.