टाकीच्या झाकणाचं भोक

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर धुवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा लग्न होऊन पिंपरी पेंढारला येऊन मला दीड वर्ष झालं होतं. नवरा चाकणला कंपनीत, गुरुवारी सुट्टीला घरी येणारा. ट्रॅक्टर सासऱ्यांचा आणि त्यावर बसायचा हक्कही त्यांचाच. मला फक्त धुवायची परवानगी.

चाकांपासून सुरुवात करून मी डिझेलच्या टाकीपर्यंत आले. पाहते तर झाकणाला टाचणीएवढं भोक. म्हटलं, यातून पाणी आत जायचं. झाकण साबणानं चोळलं, वाळवलं आणि त्या भोकावर माझ्या नेलपॉलिशचे दोन जाड थेंब सोडले. झाकण लाल, नेलपॉलिशही लाल. काम इतकं सफाईदार झालं की भोक कुठं होतं ते नंतर मलाच सापडेना. कुणाला सांगावं असं काही वाटलं नाही.

चार दिवसांनी कांद्याच्या लागणीसाठी रान तयार करायचं म्हणून सासऱ्यांनी ट्रॅक्टरला माती भुसभुशीत करायचा रोटर जोडला. अर्धा तास ट्रॅक्टर झकास चालला. मग इंजिनाचा आवाज बसत गेला आणि तो रानातच बंद पडला. सासरे उतरले, झाकण उघडून टाकीत काडी बुडवली. डिझेल अर्धी टाकी होतं. झाकण घट्ट लावलं, फिल्टरजवळचा हातपंप दाबदाब दाबला, आणि ट्रॅक्टर सुरू! घरी येऊन म्हणाले, "एअर धरली व्हती. काढली."

दुसऱ्या दिवशी परत तेच. मग खोडदहून माझे चुलत दीर आले. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून ते सगळ्या यंत्रांचे डॉक्टर झालेले. त्यांनी आधी झाकण उघडून टाकीत बॅटरी मारली, मग नळ्या सोडवून तोंडानं फुंकल्या. एकीतलं डिझेल उलटं त्यांच्याच तोंडात आलं. दिवसभर ते ज्याच्याशी बोलायला जात तो दोन पावलं मागं सरकत होता. पण ट्रॅक्टर चालला.

"नळीत कचरा व्हता, वहिनी. वळखायला नजर लागती," ते म्हणाले. त्यांचं जेवण होऊन हात धुवेपर्यंत ट्रॅक्टर पुन्हा रानात गप्प.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं नवा फिल्टर बसवला, खालची काचेची वाटी धुतली, झाकण उघडून ताजं डिझेल ओतलं. ट्रॅक्टर चालला. "डिझेलात पाणी व्हतं, भाऊ," मिस्त्रीनं निकाल दिला. दीर म्हणाले, कचराच. सासरे म्हणाले, एअरच. वाद रंगात आला आणि ट्रॅक्टर थांबला.

नेमकी तेव्हाच मी चहा घेऊन बांधावर पोचले. सासऱ्यांनी सवयीनं झाकण फिरवलं, तशी टाकीनं 'सुस्स' करून हवा आत ओढली. बाकी दोघं भांडणात, सासऱ्यांचं लक्ष काडीत. ऐकलं फक्त मी.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल जरासं येतं आणि अडतं. हवेसाठी दुसरं भोक पाडावं लागतं, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक. ट्रॅक्टरचं ते दुसरं भोक मी स्वतःच्या हातानं बंद केलं होतं. या तिघांपैकी जो येई तो झाकण उघडायचाच, टाकीत हवा जायची, आणि ट्रॅक्टर चालायचा तो त्यामुळं. शहाणपण मात्र ज्यानं त्यानं आपल्या नावावर घेतलं होतं.

खरं सांगावं की नाही? तीन दिवसांचा खोळंबा, नवा फिल्टर, दिरांच्या तोंडातलं डिझेल, सगळं माझंच कर्तृत्व निघालं असतं. मी लाल नखांची बोटं ओढणीत लपवली.

"मामा, झाकण जरा ढिलं ठेवून बघा ना."

दीर खो खो हसले. "वहिनी, ट्रॅक्टर हाये, कुकर न्हाई."

"बघायला काय जातंय, भाऊजी?"

सासऱ्यांनी झाकण ढिलं ठेवलं. सगळं रान संपलं तरी ट्रॅक्टर थांबला नाही. मिस्त्रीनं झाकण हातात घेऊन नखानं खरवडलं. "आयला, हिथलं भोक बुजलंय की! कंपनीचाच रंग बसलाय, बगा."

"कंपनीवाले लई निष्काळजी," मी म्हणाले.

त्यानंतर माझा भाव वधारला. शेजारचे काका निरोप पाठवू लागले, "आमचा धूर लई करतोय, सूनबाईला जरा पाठवा." मी जायची, गंभीर चेहऱ्यानं इंजिनाभोवती एक फेरी मारायची आणि म्हणायची, "फिल्टर बघा." हे सहसा चुकत नाही.

आठवड्याभरानं सासरे ओट्यावर बसले होते. मी चहा दिला तसे ते हळूच म्हणाले, "सूनबाई, त्या कंपनीचा रंग शिल्लक हाये का तुझ्याकडं? मडगार्डला ओरखडा पडलाय."

मी आत जाऊन बाटली आणून दिली. त्यांनी ओरखडा रंगवला आणि बाटली परत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला रानात नेलं आणि सीटकडं बोट दाखवलं. "बस. नुसतं धुऊन भागायचं न्हाई आता."

माझी पहिली फेरी थेट शेवग्याच्या झाडाकडं निघाली. सासरे शेजारून पळत ओरडत होते, "डावीकडं! अगं डावीकडं!" तेवढ्यात सुट्टीला आलेला नवरा बांधावर येऊन थांबला. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.